आडव्या शिरा नसलेला पंख

अहवालात माशीचं नाव आधीच टाइप होऊन आलं होतं. फळमाशी. खाली कारण लिहिलं होतं, उरलेल्या गराच्या ड्रमचं झाकण उघडं राहिलं. त्याखाली जबाबदार व्यक्ती, सरिता कोळी, दुसरी शिफ्ट. आणि सगळ्यात शेवटी एक रिकामी रेघ, जिच्याखाली अशोकचं नाव आणि हुद्दा होता. अशोकने पेनाचं टोपण काढलं, टोक कागदाला टेकवलं, आणि तिथेच त्याचा हात थांबला. थांबण्यासारखं काही घडलं नव्हतं. नरोलीच्या ह्या कारखान्यात आंब्याच्या नि पेरूच्या सरबताच्या बाटल्या भरल्या जात, आणि त्या बाटल्यांच्या शुद्धतेबद्दल सव्वीस वर्षं त्याने असे शेकडो कागद सही करून पुढे ढकलले होते. सुरतेच्या एका गिऱ्हाइकाने सीलबंद बाटली तशीच परत पाठवली होती, आत तळाशी एक ठिपका होता, ठिपका म्हणजे माशी होती. ती बाटली बंद व्हायच्या आधीच आत गेली होती हेही कालच सिद्ध झालं होतं. लॅबमधल्या मुलाने तिच्या एका पायावर पेरॉक्साइडचा थेंब टाकला तरी न शिजलेल्या माशीवर येतो तसा फेस आला नाही, म्हणजे ती गरम सरबताबरोबर शिजून निघाली होती. चूक कारखान्याची होती यात वाद नव्हता. उरला होता तो फक्त कारखान्यातल्या कुणाची एवढाच प्रश्न, आणि त्याचंही उत्तर टाइप होऊन आलं होतं. पण पेन टेकवल्यावर अशोकच्या मनात अगदी क्षुल्लक असं काहीतरी आलं. आपण ही माशी पाहिलेलीच नाही.

मग निदान पाहून तरी घेऊ, म्हणून त्याने काचेची ताटली मायक्रोस्कोपखाली सरकवली. एरवी ह्या यंत्राखाली तो बाटलीच्या झाकणाच्या रबराचे तुकडे बघायचा, काचेचा कण की साखरेचा दाणा ते ठरवायचा. चाक फिरवलं तशी दोन मिलिमीटरची माशी जवळजवळ आंब्याएवढी होऊन समोर आली, आणि अशोक थोडा मागेच सरकला. केस होते तिला. पायांवर, पाठीवर, चेहऱ्यावर काळे राठ केस. पंख ओल्या जिलेटिनच्या कागदासारखे अंगाला चिकटले होते. हे डोकं, हे पोट, हे पाय, एवढं त्याला कळत होतं आणि त्यापलीकडे काहीच कळत नव्हतं. फळमाशीचे डोळे लाल असतात एवढं त्याने कुठेतरी वाचलं होतं. हिचे डोळे कसल्याच रंगाचे नव्हते, पण तीन आठवडे आंबट सरबतात बुडून राहिल्यावर कुणाच्या डोळ्यांत रंग उरेल? एक मात्र त्याला सारखं जाणवत राहिलं. तिची पाठ. डोकं खाली घालून, खांदे वर काढून बसलेल्या माणसासारखी ती पाठ वर आली होती आणि डोकं त्या उंचवट्याच्या खाली कुठेतरी लोंबत होतं. बुडाल्यामुळे अशी झाली असेल, की जन्मतःच अशी? हे कसं ठरवायचं असतं? आणि तेव्हा, कुणी हाक मारावी इतक्या स्पष्टपणे, त्याला त्याच्या बायकोचा, अनुराधाचा आवाज ऐकू आला. शाळेतल्या मुलींना ती घरी बोलावून शिकवायची तेव्हाचा, थोडा घाईचा, थोडा लाडाचा आवाज. "अगं, नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी पंख बघ, पाय बघ. बघितलंस का?" तो त्या वेळी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असायचा आणि दार लोटून घ्यायचा.

"अशोकभाई, सही झाली?" भावेश दारात उभा होता. भावेश प्लांटचा मॅनेजर, अशोकपेक्षा वीस वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता, पण सोमवारी मुंबईची पार्टी ऑडिटला येणार म्हणून तीन दिवस त्याने धड जेवण केलं नव्हतं. "उद्या सांजेपर्यंत मला फाइल क्लोज पाहिजे. फळमाशी, झाकण उघडं, बाईला काढलं, नवीन बाई ट्रेन केली. सिंपल छे."

"फळमाशीच आहे कशावरून?"

"अरे, मँगोची बाटली आहे. त्यात हत्तीमाशी येणार काय?" भावेश हसला आणि मग अशोक हसत नाही हे बघून थांबला. "उद्या चार वाजेपर्यंत, भाई. प्लीज."

तो गेल्यावर दाराशी सरिता दिसली. केसांवरची जाळी तिने काढून हातात चुरगळून धरली होती. शहाद्याकडची ही बाई, नवरा राखोलीच्या सूतगिरणीत, दोघं नरोलीत भाड्याच्या खोलीत राहायची. गराचे ड्रम रिकामे झाले की त्यांच्या तळाची खरवड एका निळ्या ड्रममध्ये टाकायची आणि तो ड्रम झाकायचा, हे तिचं काम. "साहेब, मी झाकेल होता तो ड्रम," ती म्हणाली. "पोराची आण. रोज झाकते मी. आनी साहेब, त्या माश्या ना…" अशोकला तिच्याकडे बघवेना. "बघतो मी," तो म्हणाला. तिचं वाक्य अर्धंच राहिलं. बघतो म्हणजे काय हे तिला ठाऊक असावं, कारण ती पाठ फिरवून गेली.

साडेपाचला निघताना त्याने एक गोष्ट केली जी नोकरीच्या आयुष्यात कधी केली नव्हती. माशी चिमट्याने उचलून स्पिरिटच्या लहानशा कुपीत टाकली, बूच घट्ट लावलं आणि कुपी शर्टाच्या खिशात पेनाच्या मागे ठेवली. पुरावा लॅबबाहेर न्यायचा नसतो हा नियम त्यानेच लिहिलेला होता. दमणगंगेच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती, गाडी पुढे सरकत नव्हती, आणि छातीवरची ती कुपी त्याला उगाचच उबदार वाटत होती. खाली नदीचं पाणी संथ होतं, काठच्या वाळूत कुणी म्हशी धूत होतं. लग्न झालं त्या वर्षी, सिल्वासात येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा तो तिला राखोलीजवळ ह्याच नदीवर फिरायला घेऊन गेला होता. बरोबर तेव्हाच्या कारखान्यातले दोन सहकारी नि त्यांच्या बायका होत्या. अनुराधा चालता चालता एकदम खाली बसली. नव्या साडीसकट, म्हशीच्या शेणावर बसलेल्या माशीसमोर, उकिडवी. "अशोक, हलू नकोस, सावली पडेल. हा नर आहे बघ, डोळे कसे कपाळावर जवळ आलेत. मादीचे एकमेकांपासून दूर असतात." तिने त्याच्या पँटचा पाय मुठीत धरून ठेवला होता. त्याने काय पाहिलं होतं? नराचे डोळे नाही, मादीचेही नाही. सहकाऱ्यांच्या बायका एकमेकींकडे कशा बघतात ते त्याने पाहिलं होतं. "ऊठ," तो म्हणाला होता, फार हळू, पण तिने मूठ सोडली. माश्यांवर पीएच्.डी. करायची म्हणून पुण्यात तिची जागा ठरलेली होती आणि ती सोडून ती इथे आली होती. हे त्याला माहीत होतं. माहीत असणं आणि कळणं यांत किती वर्षं जातात? मग शाळेतली नोकरी, मुलीचा, भक्तीचा जन्म, भक्तीचं शिक्षण, जेवताना सुरू झालेली तिची वाक्यं आणि त्यावरचं त्याचं ठरलेलं "जेवताना नको." समरवरणीच्या भाड्याच्या घरातून टोकरखाड्याच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा सामान बांधणाऱ्याने काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी वर धरून विचारलं होतं, साब, ये? आत टाचण्यांवर माश्या होत्या, बऱ्याच मुंग्यांनी खाल्लेल्या, नुसते पंख उरलेल्या. त्याने हाताने खूण केली, टाक. अनुराधा तेव्हा खिडकीचा पडदा काढत होती. तिने पाहिलं होतं. पडद्याच्या कड्या एकेक काढून ओट्यावर ठेवत राहिली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा अशोक भानावर आला.

दार कोंडाबाईने उघडलं. अनुराधाकडे बघायला ती किलवणीहून रोज सकाळी यायची, अशोक परतला की जायची. "बाय आज जेवल्या बऱ्या. व्यायाम नाय केला पन. हातातला चेंडू फेकून दिला," ती चपला घालता घालता म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. मार्च महिन्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत असताना, अनुराधाच्या उजव्या हातातलं लाल पेन खाली पडलं होतं आणि ते उचलायला तिचा हात गेलाच नाही. हात आता थोडा हलतो, पाय काठीच्या आधाराने चालतो. शब्द मात्र परतले नाहीत, बोलायचेही नाहीत आणि लिहायचेही नाहीत. आत सगळं शाबूत आहे, वापीचा डॉक्टर म्हणाला होता, समजतं सगळं, बाहेर येण्याची वाट तुटली आहे. तीन शब्द उरले होते. हो, नाही, आणि कोण जाणे कुठून आलेला एक, मंगळवार. पाणी हवं असलं की मंगळवार, पंखा बंद कर म्हणायचं असलं की मंगळवार, भक्ती फोनवर दिसली की डोळे भरून मंगळवार. सुरुवातीला ती शब्द चुकल्यावर कपाळावर हात मारून घ्यायची. आताशा गप्प बसायची. आणि अशोक, ज्याला आयुष्यभर तिने जेवताना गप्प बसावं असं वाटलं होतं, आता जेवताना रेडिओ लावून ठेवायचा.

त्याने कुपी टेबलावर तिच्यासमोर ठेवली. "अनु," तो म्हणाला, "कामावर एक माशी सापडली आहे. मला ओळखता येत नाही." आधी त्याने मोबाइलवर काढून आणलेला फोटो दाखवला. तिने क्षणभर पाहिला आणि फोन डाव्या हाताने बाजूला सारला. कुपी उचलून उजेडात धरली. मग ती उठली, काठी घेतली, आणि आतल्या खोलीतल्या कपाटाशी जाऊन सगळ्यात खालच्या खणावर काठी टेकवली. खणात जुन्या सुती साडीत गुंडाळलेला मायक्रोस्कोप होता, शाळेने निकाली काढलेला, तिने मागून आणलेला. तो इथे आहे हे अशोकला माहीत नव्हतं. तिने डोळा लावला. बराच वेळ लावला. अशोक तिच्या बाजूला उभा होता आणि त्याला तिच्या मानेवरचा, केस पांढरे झालेला भाग दिसत होता. तिचा श्वास आधी भरभर चालला होता, मग हळू होत गेला, मग जवळजवळ ऐकूच येईना. तिने सुईने पंख अंगापासून सोडवला. डाव्या हाताने. चमचा तोंडाशी नेताना थरथरणारा हात पंखावर आला तेव्हा थरथरला नाही.

"फळमाशी आहे का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पटकन. डोकं वर न काढता.

"मग?"

ती वर बघून बोलायला गेली. ओठ जमले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर आलं ते "मंगळवार". तिचा चेहरा पडला. अशोकने घाईघाईने औषधाच्या दुकानाचं बिल उलटं करून पुढे ठेवलं, पेन्सिल दिली. तिने पंख काढला. डाव्या हाताची रेघ वाकडीतिकडी होती पण पंख पंखच होता. पुढच्या कडेला तिने दोन-तीन जाड रेघा ओढल्या, गिरवून गिरवून जाड केल्या. मग त्या जाड रेघांपासून पंखाच्या मागच्या कडेकडे चार बारीक, फिकट रेघा, तिरप्या, एकमेकींना न भेटता जाणाऱ्या. त्या बारीक रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेवर तिने पेन्सिल टकटक वाजवली. "नाही. नाही."

"काय नाही? इथे काही नाही?" अशोक खाली वाकला. "थांब. रेघांना जोडणाऱ्या आडव्या रेघा नाहीत. आडव्या शिरा. फळमाशीला असतात का?"

"हो!" तिने त्याची बाही धरली आणि त्याचं डोकं मायक्रोस्कोपकडे ढकललं. त्याने पाहिलं. त्याच माशीकडे दुपारी त्याने पाहिलं होतं आणि तेव्हा पंख म्हणजे एक ओला कागद होता. आता त्याला पुढच्या कडेच्या जाड शिरा दिसल्या, नदीच्या बांधासारख्या, आणि त्यांच्यापासून निघालेल्या चार अशक्त शिरा, एकट्या एकट्या काठाला जाणाऱ्या. मधे कुठेही पूल नव्हता. "दिसलं," तो म्हणाला. मग तिने मागचा पाय काढला, मांडी रुंद, चपटी, बाकी पाय काडीसारखा, आणि तोही त्याने शोधून पाहिला. मग तिने पाठ काढली, कुबड आलेली, आणि तो म्हणाला, "ते मला दिसलं होतं, अनु. ते मला दुपारीच दिसलं होतं." तिने त्याच्याकडे पाहिलं. शाळेत चुकतमाकत का होईना पण पहिलं उत्तर देणाऱ्या मुलीकडे ती असंच बघत असेल. मग तिने कपाटाकडे बोट केलं. त्याच खणात, साडीखाली, काळ्या रेक्झिनच्या बांधणीत तिचा एम्.एस्सी.चा प्रबंध होता, लग्नाला एकोणतीस वर्षं होऊनही त्याने कधी न उघडलेला. तिने पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. शाईने काढलेला पंख, तेवीस वर्षांच्या मुलीच्या स्थिर हाताने. पुढच्या कडेला जाड शिरा, मागे चार फिकट, आडव्या शिरा नाहीत. खाली नाव होतं. फोरिड, आणि कंसात, कुबडी माशी. अशोकने औषधाचं बिल त्या पानाशेजारी ठेवलं आणि दोन्ही पंखांकडे बघत राहिला.

पण तिचं संपलं नव्हतं. ती जमिनीकडे बोट करत होती. काही पडलं असेल म्हणून तो वाकून टेबलाखाली शोधू लागला, तशी ती चिडली, "नाही, नाही," आणि डाव्या पायाने फरशीवर ठोकू लागली. मग काठी घेऊन त्याला न्हाणीघराशी घेऊन गेली आणि पाणी जायच्या जाळीकडे बोट दाखवलं. "गटारात राहते?" तिने हात हलवला, अर्धं बरोबर. काठीचं टोक जाळीवरून उचलून शेजारच्या लादीवर, मग त्याच्या पुढच्या लादीवर ठेवलं, आणि दाबलं. अशोक त्या लाद्यांकडे बघत राहिला. पाणी जाळीतून जातं, पाइपातून जातं, पाइप लादीखालून जातो. "पाइप फुटला असेल तर," तो सावकाश म्हणाला, "आणि लादीखालची माती कुजली असेल. तिथे. लादीखाली." अनुराधाने "हो" म्हटलं नाही. ती भिंतीला टेकली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसत होती, आणि अशोकने तिच्या काखेत हात घालून तिला धरलं तेव्हा त्याला कळलं की आठ महिन्यांत तिला उचलताना, निजवताना, अंघोळ घालताना त्याने शेकडो वेळा हात लावला होता, धरलं मात्र आज होतं. त्या दिवशी जेवताना त्याने रेडिओ लावला नाही. तो बोलला. माशीबद्दलच बोलला, वरणभात कालवता कालवता, आणि ती हो आणि नाही म्हणत राहिली.

सकाळी त्याने आधी सरिताला गाठलं. ती शेवटच्या दिवसासारखी, डब्याची पिशवी छातीशी धरून, वेळेआधीच येऊन बसली होती. "काल तुम्ही माश्यांचं काही सांगत होता," तो म्हणाला. "माझं चुकलं, ऐकून घ्यायला हवं होतं. सांगा."

तिने आधी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "काय नाही साहेब. मी म्हनत होते का त्या माश्या ड्रमवरच्या नाहीत. ड्रमवरच्या उडतात. ह्या पळतात."

"पळतात?"

"उडत नाहीत ना. भिंतीवर, जमिनीवर तुरुतुरु पळतात, थांबतात, परत पळतात. तिसऱ्या खांबापाशी, बाटल्या भरतात त्या मशीनच्या मागे. तिथली फरशी पन वाजते, पोकळ. मी सुपरवायझरला सांगेल होतं दोनदा. तो बोला, फिनेल मार."

तिने काचेशिवाय, शाईशिवाय, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोघं तिसऱ्या खांबापाशी गेली. सरिताने टाच आपटून दाखवली आणि आवाज खरोखरच पोकळ आला. लाद्यांच्या सांध्यात केसाएवढी भेग होती. अशोकने लॅबमधली मोठी काचेची बरणी आणली, त्या भेगेवर उपडी घातली, कडेने ओलं फडकं गुंडाळलं, आणि तिथेच स्टूल टाकून बसला. सरिता ड्रम धुवायला गेली. येता जाता बरणीकडे नजर टाकत राहिली. अडीचच्या सुमारास तीच ओरडली, "साहेब!" बरणीच्या आत एक ठिपका काचेवरून पळत होता. थांबला. पुन्हा पळाला. चार वाजेपर्यंत सात झाले.

भावेशला बोलावलं तेव्हा तो फोनवर होता आणि फोनवरच राहिला, अशोकने त्याला हाताला धरून मायक्रोस्कोपसमोर बसवेपर्यंत. एका चकतीवर बाटलीतली माशी होती, दुसरीवर बरणीतली. "पंख बघ," अशोक म्हणाला. "पुढची कड जाड. मागे चार बारीक शिरा. त्यांना जोडणारी आडवी शीर दिसते का? दोन्हीत बघ. फळमाशीला त्या असतात. आता पाठ बघ."

"कुबड आहे," भावेश काही वेळाने म्हणाला. मग डोळा काढून त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "अशोकभाई, तुम्ही मला काय सांगता ते समजते काय? फरशी फोडायची. मशीन काढायची. सोमवारी ऑडिट."

"ऑडिटवाल्याला हेच दाखव."

"शेठ मला मारून टाकेल. तुमचं पण मार्चमध्ये नोकरीचं एक्स्टेन्शन आहे. बाईला काढली असती तर विषय खतम होता." तो हे वाईटपणे म्हणाला नाही, दमून म्हणाला.

"त्या बाईने दोनदा सांगितलं होतं," अशोक म्हणाला. "आणि बाई काढली असती तरी ह्या निघतच राहिल्या असत्या." त्याने टाइप केलेला अहवाल घेतला, माशीच्या नावावर आणि सरिताच्या नावावर काट मारली, समासात हाताने पंखाचं एक छोटं चित्र काढलं, बरं जमलं नाही, आणि त्याखाली सही केली.

फरशी शनिवारी फोडली. लाद्यांखाली हातभर खोल माती काळी पडली होती, आंब्याचा जुना, गोडसर, सडका वास सगळ्या हॉलमध्ये भरला, आणि मजुराने फावडं मारलं तसा ठिपक्यांचा एक थरच्या थर मातीवरून पळत सुटला. पाइप आडवा चिरला होता. सोमवारी ऑडिट झालंच नाही. पार्टीने पुढची ऑर्डर दोन महिने थांबवली, लाइन अकरा दिवस बंद राहिली, आणि डिसेंबरच्या शेवटी भावेशने अशोकला केबिनमध्ये बोलावून, चहा मागवून, चहा निवेपर्यंत इकडचंतिकडचं बोलून मग सांगितलं की येत्या मार्चपासून शेठ एक्स्टेन्शन देणार नाहीत. "मी बोललो होतो त्यांच्याशी, भाई," तो खाली बघत म्हणाला. अशोकला ते खरं वाटलं. आपल्याला वाईट वाटेल असं तो धरून चालला होता. पार्किंगमध्ये गाडीपाशी उभा राहून त्याने वाईट वाटायची वाटही पाहिली. नेमकं काय वाटत होतं ते त्याला सांगता आलं नसतं. आता दुपारी पण घरी असू, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं. सरिता कामावर राहिली. माशी आपल्या बायकोने ओळखली हे अशोकने तिला सांगितलं होतं. तिला कुणी सॉरी म्हटलं नाही, बढतीही मिळाली नाही, पण सुपरवायझर आता ती काही म्हणाली की एकदा थांबून ऐकायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात सरिता होती, ठेवणीतली साडी नेसलेली, एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. "बाईंना भेटायचं होतं," ती म्हणाली, आणि मग बाटली पुढे करून, थोडं लाजत, "आमच्या न्हाणीच्या भिंतीवर ह्या बसेल असतात. मी सगळ्यांना विचारलं, कोनाला माहीत नाही. मी बोलली, बाईंना दाखवते." बाटलीत चार-पाच करड्या, बदामाच्या आकाराच्या, अगदी लहान माश्या होत्या, पंख छपरासारखे पसरून बसलेल्या.

अनुराधाने बाटली बघितली आणि तिचा चेहरा असा उजळला की अशोकने नजर वळवली. तिने सरिताला मनगट धरून खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी स्टुलावर बसली, एक माशी झटकून काचेवर घेतली, चाक फिरवलं, आणि मग आपण न बघताच सरिताची हनुवटी डाव्या हाताने धरून तिचा डोळा नळीला लावून दिला. अशोकच्या तोंडावर आलं होतं, ही गटारातली पतंगमाशी असावी. गेले दोन महिने तो प्रबंध थोडा थोडा वाचत होता. अनुराधाने मान न वळवता त्याच्या दिशेने हात वर केला. थांब. तिला बघू दे.

"अय्या," सरिता म्हणाली. "बाई, हिले तर केस शेतस. पंखावर. पूरा पंख केसांचा आहे… आनी मिशा कशा, मन्यांच्या माळेसारख्या." तिने डोकं वर काढलं, अनुराधाकडे पाहिलं. अनुराधाने मान हलवली, हो, हो, आणि पुन्हा तिची मान खाली वाकवली. अजून. अजून आहे.

अशोक मेथी ओट्यावर ठेवून आला. टेबलापाशी तिसरी खुर्ची नव्हती आणि ती आणायचं त्याला सुचलंही नाही. दोघींची डोकी नळीवर एकमेकींना लागली होती, एक सरिताचं तेल लावलेलं काळंभोर, एक पांढरं होत आलेलं. हात मागे बांधून, आवाज न करता, तो त्यांच्या पाठीशी आपली पाळी यायची वाट पाहत उभा राहिला.